कळलावी : एका वेलीचीं अनेक रूपें

श्रावण अर्धा सरला म्हणजे कोकणांतल्या गांवकुसाला, घाटाच्या उतारावर किंवा देशावरील एखाद्या निवडुंगाच्या कुंपणांत एक फूल अकस्मात् डोळ्यांत भरतें. हिरव्या गर्दींत कोणी लहानसा पलिता पेटवून ठेवावा, तसें तें दिसतें. सोमवारीं त्या वाटेनें गेलेला माणूस घरीं येऊन सांगतो, कुंपणावर पिवळें फूल उमललें आहे. गुरुवारीं गेलेला सांगतो, पिवळें नव्हे, अर्धें पिवळें व अर्धें तांबडें आहे. आणखी दोन दिवसांनीं गेलेला शपथेवर सांगतो कीं, फूल किरमिजी आहे. तिघेहि खरें बोलत असतात. फूल एकच असतें. मधल्या दिवसांत त्याचें वय तेवढें वाढलेलें असतें.

ही वेल म्हणजे कळलावी. वनस्पतिशास्त्रांत तिला ग्लोरिओझा सुपर्बा असें म्हणतात. पहिल्या शब्दाचा अर्थ वैभवशाली आणि दुसऱ्याचा दिमाखदार. उष्ण कटिबंधांतील आफ्रिका, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया एवढ्या विस्तीर्ण प्रदेशांत ती आपण होऊन उगवते. समुद्रकांठची वाळू तिला चालते, तसे डोंगराचे उतारहि चालतात. एवढ्या मुलखांत वावरणाऱ्या वनस्पतीचें रूप सगळीकडे सारखें राहणें कठीणच. परंतु कळलावीचें रूप पालटणें हें देशपरत्वें होतें, तसें एकाच वेलीच्या अंगावरहि होतें. तिचें पान बदलतें, फूल बदलतें, नांव बदलतें, लौकिक बदलतो. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, तिच्या अंगचें विषहि एका मापाचें नसतें. पहिल्या चार बदलांनीं माणसाची फसगत झाली तर ती गमतीवारी नेतां येते. पांचव्या बदलांत फसगत झाली तर ती प्राणाशीं गांठ असते. म्हणून या वेलीची ओळख मुळापासून करून घेणें हें केवळ हौसेचें काम नव्हे.

आधीं नांवांचाच विचार करावा. संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर, आणि हें नांव तिच्या जमिनींतल्या कंदावरून पडलें आहे. अग्निशिखा हें नांव फुलावरून पडलें. गर्भपातिनी हें नांव गुणावरून, किंबहुना दुर्गुणावरून पडलें. मराठींत कळलावी, खड्यानाग, वाघनखी अशीं अनेक नांवें आहेत. वळलेल्या पाकळ्या पाहिल्या म्हणजे वाघनखी हें नांव कोणीं दिलें असेल त्याच्या नजरेचें कौतुक वाटतें. कळलावी या नांवाची गोष्ट मात्र दुहेरी आहे. कळ म्हणजे प्रसूतीची वेदना. अडलेल्या बाळंतिणीच्या तळहातांना, तळपायांना किंवा बेंबीपाशीं या कंदाचा लेप लावण्याची चाल पूर्वीं होती, आणि कळा आणणारी म्हणून ती कळलावी. परंतु कळ लावणें याचा दुसरा अर्थ भांडण लावणें असा असल्यामुळें नारदमुनींना मिळालेली पदवी या गरीब वेलीच्याहि वांट्याला आली. हें फूल घरांत आणलें तर घरांत कलह माजतो, असें कित्येक कुटुंबांत आजहि मानतात. उलट कोकणांत गौरीच्या सणाला हींच फुलें मानानें घरांत येतात आणि त्यांना गौरीचे हात असें सुंदर नांव मिळतें. गोव्यांत गणपतीवर बांधावयाच्या माटोळींतहि त्यांना जागा असते. दक्षिणेकडे तमिळ भाषेंत या फुलाला कांदळ म्हणतात. संघकालीन कवींनीं स्त्रियांच्या कोमल बोटांना त्याची उपमा दिली आणि मुरुगन देवाच्या गळ्यांत त्याची माळ घातली. कोकणांतल्या बायकांनीं आणि तमिळ कवींनीं एकाच फुलांत हात व बोटें पाहावीं, हा योगायोग मनोहर आहे.

नांवांच्या या गर्दींत एक धोक्याचें नांवहि शिरलें आहे. कांहीं भागांत कळलावीलाच बचनाग म्हणतात. वास्तविक बाजारांत मिळणारा बचनाग हें हिमालयांतल्या अगदीं निराळ्या वनस्पतीचें मूळ असतें. तेंहि विषारी आहे, पण त्याचें विष वेगळें, त्याची शरीरावर होणारी क्रिया वेगळी आणि त्यावरील उपाययोजनाहि वेगळी. एकाच नांवाखालीं दोन विषें नांदत असलीं म्हणजे काय अनर्थ होईल हें निराळें सांगावयास नको.

आतां वेलीच्या अंगोपांगांकडे वळावें. कळलावीचें खरें घर जमिनीखालीं असतें. वर दिसणारी वेल चार महिन्यांची पाहुणी होय. खालचा कंद फिकट तपकिरी सालीचा, आंतून पांढरा आणि बहुधा दोन बाहूंचा असतो. हे बाहू एकमेकांशीं कोन करून असल्यामुळें तो नांगरासारखा दिसतो. प्रत्येक बाहूच्या टोंकाला एकच डोळा असतो. बटाट्याला जागोजागीं डोळे असतात, म्हणून त्याच्या फोडी करून लावल्या तरी त्या रुजतात. कळलावीचें तसें नाहीं. टोंकाचा डोळा मोडला कीं तो बाहू वाया गेला. म्हणून तिची लागवड करणारा शेतकरी हा कंद कांचेच्या भांड्यासारखा जपून हाताळतो. मृगाच्या सरी पडल्या म्हणजे डोळ्यांतून कोंब वर येतो. वेल वाढते तसा जुना कंद आपला सांठा तिला देऊन सुरकुततो आणि संपतो. पावसाळा सरण्यापूर्वीं त्याच्या जागीं नवा कंद तयार झालेला असतो. दरवर्षीं कुंपणांत तीच वेल येते असें लोक म्हणतात, आणि तें एका अर्थीं खरें आहे. परंतु जमिनीखालचा कंद मात्र प्रतिवर्षीं नवा असतो. दोन बाहूंना दोन डोळे असल्यानें एका वेलीच्या पुढील सालीं दोन वेली होण्याचीहि सोय त्यांत आहे.

वेलीचें खोड हिरवें, नाजूक व गुळगुळीत असतें. चांगला आधार मिळाल्यास तें दोन-तीन पुरुष उंच जातें. आधार न मिळाल्यास जमिनीवरच लोळत राहतें. नवल असें कीं, तें स्वतः कशालाहि विळखा घालीत नाहीं. चढण्याचें काम पानें करतात. काकडीच्या वेलीचा तणावा पानाच्या देठापाशीं निघतो. द्राक्षवेलीचा तणावा पानाच्या समोरच्या बाजूनें निघतो. कळलावीनें निराळा तणावा निर्माण करण्याचा खर्चच वांचविला आहे. तिच्या बिनदेठाच्या, भाल्यासारख्या पानाचें टोंक लांबत लांबत दोऱ्याएवढें बारीक होतें आणि शेवटीं गुंडाळतें. त्याला एखादी काडी किंवा गवताचें पातें लागलें कीं तें तिच्याभोंवतीं वेढे घेतें. जें पान सूर्यप्रकाशांत अन्न शिजवितें, तेंच आपल्या टोंकानें साऱ्या वेलीला धरून ठेवतें.

परंतु हें वर्णन वाचून कोणी जमिनीलगतचें पान तपासावयास गेला तर त्याची निराशा होईल. अगदीं खालच्या पानांना तणावा नसतोच. तेथें त्याची गरज नसते. पानांची मांडणीहि अशीच लहरी आहे. कोठें एका पेराशीं तीन पानें वर्तुळांत, कोठें दोन समोरासमोर, तर कोठें एकामागून एक अशीं पानें एकाच खोडावर पाहावयास मिळतात. रुंदीचेंहि तेंच. शाळेच्या पुस्तकांत पानांच्या मांडणीवरून वनस्पति ओळखण्याचा जो नियम शिकवितात, तो या वेलीपुढें क्षणभर गोंधळांत पडतो. एक गोष्ट मात्र पानापानांत स्थिर राहते. शिरा टोंकाकडे समांतर धांवतात. आणि गवत, कांदा, लिली यांच्याप्रमाणें ही वेल एकदल वनस्पतींच्या मोठ्या गोतांतली आहे, हें त्यावरून समजतें.

फुलाचा थाट याहून अपूर्व. वरच्या पानांच्या बगलेशीं लांब देठावर एकेक कळी येते. कळी हिरवी असते व तिचें तोंड खालीं असतें. उमलतांना सहा पाकळ्या खालीं पसरण्याऐवजीं मागें उलटतात आणि ज्योतीप्रमाणें वर उभ्या राहतात. फूल अधोमुख राहतें आणि पाकळ्या मात्र ऊर्ध्वमुख होतात. या पाकळ्या दोन ते तीन इंच लांब, अरुंद आणि बहुधा कडांना लाटांसारख्या मुरडलेल्या असतात. आरंभीं त्या हिरवट पिवळ्या दिसतात. मग वरच्या भागांत तांबडा रंग चढूं लागतो, बुडाशीं पिवळा उरतो. अखेरीस सगळी पाकळी किरमिजी होते. एका वेलीवर निरनिराळ्या वयाचीं फुलें एकाच वेळीं असल्यामुळें जणूं अनेक जातींचीं फुलें कोणीं एकत्र बांधल्याचा भास होतो.

पाकळ्या वर गेल्यामुळें सहा लांब पुंकेसर चक्राच्या आऱ्यांप्रमाणें चोहोंकडे मोकळे पसरतात. त्यांच्या टोंकांना परागकोश असे बसविलेले असतात कीं, किंचित् स्पर्शानें ते डोलतात. मधोमध हिरवें बीजकोश असतें. त्याच्यावरचा स्त्रीकेसराचा दांडा सरळ खालीं जाईल अशी अपेक्षा असते. परंतु तो बुडाशींच काटकोनांत वळून एका बाजूला आडवा जातो. सगळें फूल इतकें प्रमाणबद्ध असतांना हा एकच दांडा वांकडा कां, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. कारण असें कीं, फुलाचे स्वतःचे पराग स्वतःच्याच केसरावर सहज पडूं नयेत. मधाचे थेंब पाकळ्यांच्या बुडाशीं असतात. मोठ्या पंखांचें एखादें फुलपांखरूं किंवा शिंजीरासारखा चिमुकला पक्षी मधासाठीं आला म्हणजे बाहेर पसरलेल्या परागकोशांना व केसराच्या टोंकाला त्याचा स्पर्श होतो आणि एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाला पोंचतो. जें व्यंग वाटलें तीच खरी योजना ठरते.

फळ म्हणजे तीन कप्प्यांचें लांबट बोंड. वाळल्यावर तें उकलतें आणि आंतून शेंदरी तांबड्या रंगाच्या गोल बिया दिसूं लागतात. त्या रुजण्यास फार वेळ घेतात. रोप पहिल्या वर्षीं अत्यंत लहान असतें; फुलावर येण्यास त्याला कांहीं वर्षें वाट पाहावी लागते. चार दिवसांत चार रंग दाखविणारें फूल पाहणाऱ्याला या संथ बाळपणाची कल्पनाहि येत नाहीं.

अशा बहुरूपी वेलीनें विद्वानांनाहि चकविलें नसतें तरच नवल. सतराव्या शतकांत कोचीन येथील डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें एतद्देशीय वैद्यांच्या साह्यानें मलबारच्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्यांत मेंदोनी या मलबारी नांवानें या वेलीचें वर्णन व चित्र आलें आहे. पुढें १७५३ सालीं स्वीडनच्या लिनीअसनें तिला ग्लोरिओझा सुपर्बा असें शास्त्रीय नांव दिलें. त्यानेंच १७६७ सालीं ग्लोरिओझा सिम्प्लेक्स अशी दुसरी जाति सांगितली. त्यानंतर आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून नमुने युरोपांत येऊं लागले. कोणाच्या पाकळीच्या कडा सरळ, कोणाच्या मुरडलेल्या. कोणाचें फूल निखळ पिवळें, कोणाचें रुंद पाकळ्यांचें व भडक तांबडें. प्रत्येक नमुना पाहून कोणीतरी नवी जाति जाहीर करावी असें चाललें. रॉथ्‌शिल्ड या प्रसिद्ध घराण्याच्या नांवानेंहि एक जाति रूढ झाली, आणि आजहि युरोपांतल्या फुलांच्या दुकानांत तें नांव चालू आहे.

या साऱ्या नमुन्यांची पुढें एकत्र तुलना झाली तेव्हां असें दिसून आलें कीं, दोन टोंकांचीं रूपें जरी अगदीं वेगळीं भासलीं तरी त्यांच्यामधल्या सर्व पायऱ्या कोठें ना कोठें सांपडतात. १९७० नंतरच्या दशकांत एका मताप्रमाणें हीं बहुतेक सर्व नांवें एकाच बहुरूपी जातींत विलीन करण्यांत आलीं. त्यानंतर कांहीं जाति अभ्यासकांनीं पुन्हां वेगळ्या काढल्या. आणि २००७ सालीं लिटोनिया नांवाचें शेजारचें वंश-नांवहि ग्लोरिओझांत सामील झालें. कुळाचीहि अशीच अदलाबदल झाली. जुन्या ग्रंथांत कळलावी लिलीच्या कुळांत आहे. आतां तिला कोल्चिकमच्या कुळांत घालतात. या बहुरूपतेचें एक मूळ तिच्या पेशींतहि दिसतें. तिच्या वंशांत गुणसूत्रांची मूळ संख्या ११ आहे. २२ गुणसूत्रांच्या वेली आहेत, तशा त्या संख्येच्या दुपटी-चौपटीच्याहि आढळल्या आहेत.

कोल्चिकम हें नांव येथें सहज आलें, पण कळलावीच्या विषाची किल्ली त्यांतच आहे. कोल्चिकम ही युरोपांतली शरद्‌ ऋतूंत फुलणारी एक लहानशी कंदवर्गीय वनस्पति. १८२० सालीं पॅरिसमध्यें पेल्त्ये व काव्हाँतू या रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्यांतून एक विषारी द्रव्य वेगळें काढलें. पुढें त्याला कोल्चिसीन असें नांव मिळालें. १९१५ सालीं लंडनमधील रसायनशास्त्रज्ञांनीं कळलावीच्या कंदांत तेंच द्रव्य असल्याचें दाखवून दिलें. दोन खंडांतल्या, दिसण्यांत कांहींच साम्य नसलेल्या या दोन वनस्पति एका कुळांतल्या आहेत, याची साक्ष रसायनशास्त्रानें अशी दिली.

कोल्चिसीन शरीरांत काय करतें हें समजण्यास पेशीची एक क्रिया ध्यानांत घ्यावी लागते. पेशी दुभंगतांना तिच्यांतील गुणसूत्रें अति सूक्ष्म तंतूंच्या साह्यानें दोन बाजूंस ओढलीं जातात. कोल्चिसीन हे तंतु बनूंच देत नाहीं. १९३७ सालीं अमेरिकेंतील ब्लेकस्ली यानें याचाच उपयोग करून वनस्पतींच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या दुप्पट करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि नवीं वाणें निर्माण करणाऱ्यांच्या हातीं एक मोठें साधन आलें. परंतु हीच क्रिया माणसाच्या देहांत घडली तर ज्या पेशी अत्यंत वेगानें दुभंगत असतात त्यांचा प्रथम घात होतो. आंतड्यांचें अस्तर, हाडांतील मगज आणि केंसांचीं मुळें हीं तीं ठिकाणें. म्हणून विषबाधेचा क्रम ठरलेला असतो. कंद खाल्ल्यावर कांहीं तास बहुधा कांहींच वाटत नाहीं. मग उलट्या, पोटांत कळा आणि कॉलऱ्यासारखे जुलाब सुरू होतात. पुढील दिवसांत रक्तांतील पेशी घटतात, मूत्रपिंड व हृदय थकतें, आणि कित्येकांचा त्यांत अंत होतो. जे वांचतात त्यांचे केंस आठवड्या-दोन आठवड्यांनीं गळूं लागतात. सिलोनमधील एका रुग्णाच्या अंगावरचे केंस या कंदाच्या विषानें सरसकट गळाल्याची हकीकत १९६६ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाली आहे.

एवढा घातक कंद माणूस खातो तरी कां? बहुतेक वेळां चुकून. कोकणांत व सह्याद्रीच्या पायथ्याला करांदे, कणगर असे रानचे व परसांतले कंद उकडून आवडीनें खातात. श्रीलंकेंत कळलावीचा कंद रताळें समजून खाल्ल्यानें मृत्यु ओढवल्याच्या नोंदी आहेत. पावसाळ्यांत अशी चूक होण्याचें फारसें कारण नाहीं. करांद्याचें पान हृदयाच्या आकाराचें, देठाचें आणि कमानदार शिरांचें असतें. त्याचें खोड स्वतः विळखे घालतें. पानाच्या टोंकाला तणावा नसतो. कळलावीचें याच्या अगदीं उलट. परंतु कंद खणण्याचा काळ पावसाळ्यानंतरचा. तेव्हां पान गेलेलें असतें, फूल गेलेलें असतें, वेल वाळून मातींत मिळालेली असते. ओळखीच्या सर्व खुणा वरच्यावर नाहींशा होतात आणि मातींत उरतो तो एक निरुपद्रवी दिसणारा पांढऱ्या गराचा कंद.

दुसरें कारण अधिक दुःखाचें आहे. गर्भपातिनी हें नांव ज्या गुणावरून पडलें, त्याच्या भरंवशावर हा कंद गुपचूप पोटांत घेण्याचे प्रकार घडत आले आहेत. आयुर्वेदानें लांगलीची गणना उपविषांत केली, तिच्या शोधनाची रीत सांगितली, आणि तिचा वापर जाणत्या वैद्याच्या हातीं ठेवला. ऐकीव माहितीवर चालणाऱ्याला ही सावधगिरी परवडत नाहीं. तो चिमटीचें माप धरतो. आणि येथेंच वेलीची बहुरूपता प्राणघातक ठरते. कोल्चिसीनचें प्रमाण बियांत व कंदांत सारखें नसतें. एका प्रांतांतल्या वेलींत व दुसऱ्या प्रांतांतल्या वेलींत तें सारखें नसतें. हंगामाच्या आरंभीं व अखेरीसहि तें सारखें नसतें. आजीनें सांगितलेली चिमटी तिच्या गांवच्या वेलीपुरती कदाचित् निभावली असेल. नातीच्या हातीं आलेल्या कंदाला ती लागू पडेल असें कोण सांगणार? औषध म्हणून कोल्चिसीन देतात तेव्हां एका गोळींत तें साधारण अर्धा मिलिग्रॅम असतें. उपकारक मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर इतकें थोडें कीं, डॉक्टरहि तें मोजून मापून देतात. ज्या द्रव्याला तराजूची एवढी भीति, त्याला चिमटीनें मोजणें म्हणजे डोळे बांधून कड्याच्या कडेनें चालणें होय.

या विषावर सर्वत्र मिळणारा हमखास उतारा नाहीं. म्हणून कंद पोटांत गेल्याचा नुसता संशय आला तरी उलटी होण्याची वाट न पाहतां रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें आणि उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा बरोबर न्यावा. पहिल्या कांहीं तासांची शांतता ही आरोग्याची खूण नव्हे, हें विशेष लक्षांत ठेवावें लागतें.

एवढें ऐकल्यावर दिसेल तेथें ही वेल उपटून टाकावी असें कोणाला वाटेल. तसें करणें मात्र अन्यायाचें होईल. वातरक्ताच्या, म्हणजे गाउटच्या, असह्य वेदना कोल्चिसीननें शमतात हें डॉक्टरांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. २०२३ सालीं अमेरिकेंत हृदयविकाराचा झटका टाळण्यासाठीं त्याची अल्प मात्रा देण्यास संमति मिळाली. हें द्रव्य मिळविण्यासाठीं तमिळनाडूंतील करूर, दिंडिगल या भागांत शेतकरी कळलावीची रीतसर शेती करतात आणि तिचें बीं परदेशीं जातें. त्या शेतांत हंगामाच्या दिवसांत सकाळीं एक पाहण्याजोगें काम चालतें. वांकड्या दांड्याच्या योजनेमुळें पराग आपोआप पुरेसा पोंचत नाहीं, म्हणून मजूर फुलाफुलाशीं थांबून हातानें पराग लावतात. फुलपांखरांचें काम माणसाला करावें लागतें तेव्हां फुलपांखराची योग्यता कळते. तमिळनाडूनें हें फूल आपलें राज्यपुष्प मानलें आहे आणि आफ्रिकेंतील झिंबाब्वेनें राष्ट्रीय पुष्प. त्याच वेळीं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बागेंतून निसटून वाळूच्या टेकड्यांवर माजलेली ही वेल उपद्रवी तण म्हणून उपटली जाते. भारतांतल्या कांहीं रानांतून मात्र औषधासाठीं कंद खणून नेल्यानें ती विरळ होत चालली आहे. एकच वेल कोठें पीक, कोठें मानचिन्ह, कोठें तण, तर कोठें दुर्मिळ होत चाललेली रानसंपत्ति!

आणि ज्यांना तिचें विष बाधत नाहीं असेहि जीव आहेत. पावसाळ्यांत कळलावीच्या पानांवर काळ्या अंगावर तांबडे व पांढरे ठिपके असलेल्या अळ्या खुशाल चरतांना दिसतात. पॉलिटेला नांवाच्या पतंगाच्या त्या अळ्या होत. त्यांच्या भडक रंगाकडे पाहून पक्षी बहुधा दूरच राहतात. माणसाला अळीचें पोट नाहीं. पण माणसाला ओळख ठेवण्याची बुद्धि आहे, आणि या वेलीशीं वागण्यास तेवढी पुरते.

श्रावण-भाद्रपदांत सहलीला गेलेल्या कुटुंबानें कुंपणावर हें फूल पाहिलें, तर मुलांना तें अवश्य दाखवावें. पानाच्या टोंकाचा तणावा दाखवावा, वांकडा दांडा दाखवावा, पिवळें व किरमिजी फूल एकाच वेलीवर मोजावयास सांगावें. ज्या घरीं गौरीच्या पूजेला तें लागतें तेथें तें खुशाल आणावें. नंतर हात धुवावे, आणि फूल, पान, बीं लहान मुलांच्या तोंडाशीं जाणार नाहीं एवढें पाहावें. आणि जातां जातां ती जागा मनांत टिपून ठेवावी. दिवाळीनंतर त्या कुंपणाखालीं वर कांहींच नसेल. परंतु नांगराच्या आकाराचा नवा कंद मातींत निजलेला असेल. ज्यानें भाद्रपदांत वेल पाहिली आहे, तो पौषांत तेथें खाण्यासाठीं कंद खणणार नाहीं.